चार फोन, तीन विमे

१

मंगळवारी सकाळी झुल्मिरा मेदेरोश ही बाई ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर येऊन बसली, तेव्हा तिच्या उजव्या हाताला बँडेज होतं आणि डाव्या हातात भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला मोबाइल.

मी बावीस वर्षं प्रॉव्हिडन्सच्या एका कचेरीत मोबाइल विम्याचे दावे तपासले. कोण खरं बोलतंय आणि कुणी फोन मुद्दाम जिन्यावरून टाकलाय, हे ओळखायचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर न्यू बेडफर्डच्या ग्रंथालयानं मला दर मंगळवारी एक टेबल दिलं. लोक येतात, कोणत्या मोबाइल कंपनीचा विमा बरा म्हणून विचारतात, आणि मी कागदावर रकाने आखून देते. फुटला तर, भिजला तर, चोरीला गेला तर, हरवला तर. झुल्मिराही त्यासाठीच आली असेल असं मला वाटलं.

"ओदेतबाई, मला विमा नकोय," ती म्हणाली. "माझा फोन कुणीतरी मारलाय."

एकोणीस वर्षं ती बंदरावरच्या एका मासळी कारखान्यात कामाला होती. मार्चमध्ये मासे कापायच्या यंत्रात तिची दोन बोटं गेली. कारखान्याचं म्हणणं, पात्यावरचं झाकण तिनंच घाई म्हणून काढलं. खरं असं होतं की झाकण आठवडाभर जागेवर नव्हतंच, आणि अपघाताच्या दोन दिवस आधी तिनं त्या उघड्या पात्याचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. अपघाताच्या वेळी फोन खिशातून सिमेंटवर पडला, पडदा काळा झाला. पण जीव होता त्याच्यात. चार्जरला लावला की थरथरायचा. तिची वकील इव्होन लोंबा हिनं बजावलं होतं की फोनला हात लावू नकोस, आत काय आहे ते घरातसुद्धा बोलू नकोस, सुनावणीच्या आठवड्यात तज्ज्ञाकडून उघडून घेऊ. झुल्मिरानं फोन टॉवेलांच्या कप्प्यात ठेवला आणि स्वतःसाठी बटणांचा साधा फोन घेतला.

काल तज्ज्ञानं तो उघडला. आत सगळं हिरवट पडलेलं, आणि तेलकट. फोन पाण्यात पडून मेलाय, आता यातून काही निघणार नाही, असं त्यानं लिहून दिलं. सुनावणी शुक्रवारी होती.

"कधी भिजला होता?" मी विचारलं.

"कधीच नाही. कप्प्यातून हलला नाही तो."

मी फडकं बाजूला केलं. काचेच्या बरोबर मध्यभागी चांदणीसारखी चीर होती. फोन पडला कसा ते मी तिला नीट आठवायला सांगितलं. ती क्षणभरही थांबली नाही. कोपऱ्यावर पडला होता म्हणाली, वरच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, तो तिनं स्वतः उचलला होता.

या फोनचे चारही कोपरे धड होते.

तिच्याकडे फोनचा खोका अजून होता. ती त्यात शिलाईची बटणं ठेवायची. आम्ही तडक तिच्या घरी गेलो. बटणं टेबलावर ओतली, खोक्यावरचा लांबलचक क्रमांक मी भिंगातून वाचला आणि सिमच्या खाचेत कोरलेल्या क्रमांकाशी लावून पाहिला. खोक्यावर शेवटी एकेचाळीस होतं. फोनवर चव्वेचाळीस.

"झुल्मिरा," मी म्हटलं, "हा फोन मेलाय हे खरं. पण हा तुझा नाही."

२

ती बसली. मग एकच नाव तिनं घेतलं. आविला.

लिओनेल आविला हा तिच्या कारखान्याचा पाळीप्रमुख. मे महिन्यात तिच्या हातावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तो गोड पाव घेऊन घरी आला होता. ती गोळी घ्यायला आत गेली तेव्हा तो पाच मिनिटं स्वयंपाकघरात एकटाच होता. तिच्या दृष्टीनं प्रकरण तिथंच संपत होतं.

माझ्या दृष्टीनं नव्हतं संपत. दोन्ही क्रमांकांतले शेवटचे दोन आकडे सोडले तर बाकी सगळे सारखे होते. मी विचारलं की हा फोन घेतला तेव्हा आणखी कुणी घेतला होता का.

घेतला होता. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये एकाच थप्पीतले चार फोन, एकच रंग. एक तिचा, एक मुलाचा म्हणजे दिनीशचा, एक भाचा जील याचा आणि एक वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा, नतालियाचा. फोन सारखे असले तरी कंपन्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. खोके बाकीच्यांनी केव्हाच टाकून दिले होते.

"आविलाला तो फोन नकोसा असता तर त्यानं उचलून बंदरात फेकला असता," मी म्हटलं. "त्याच थप्पीतला दुसरा फोन तो कुठून आणणार?"

"कुणीतरी दिला असेल."

हे बोलल्यावर तिचा चेहरा बदलला. दिनीश त्याच कारखान्यात आविलाच्या हाताखाली माल उचलायची गाडी चालवायचा. मागच्याच महिन्यात त्याला दिवसपाळी मिळाली होती. आणि तेव्हापासून तो आईच्या मागे लागला होता की केस सोड.

"माझ्या पोरानं दिला असेल तर मला कळायला नकोय," ती म्हणाली.

तिनं धड हातानं बटणं एकेक करून खोक्यात परत टाकली. शेवटचं बटण टाकून झाल्यावर तिनं मान वर केली.

"नाही. कळायलाच हवं. तुम्ही शोधा."

३

सरळ विचारलं असतं तर ज्यानं केलं तो सावध झाला असता. पण माझ्याकडे एक सोंग तयारच होतं. ग्रंथालयासाठी तीन कंपन्यांच्या विम्यांची तुलना करतेय, तुमची पुस्तिका दोन दिवस द्याल का, एवढंच मी म्हणायचं. लोकांना आपला विमा कसा इतरांपेक्षा शहाणपणाचा आहे ते सांगायला फार आवडतं.

पहिली नतालिया, कारण ती सर्वात जवळ होती. जिना चढताना झुल्मिरा तिच्याबद्दल सांगत होती. हात गेल्यापासून रोजचा स्वयंपाक तीच करून पाठवते, घरही तीच झाडते, पण लहरी आहे. मध्यंतरी तीन दिवस तिनं फोनच उचलला नाही, घंटी वाजत राहायची. झुल्मिरा खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकून तिला बोलवायची.

नतालियानं मला केल या पालेभाजीचं सूप वाढलं, लिंग्विसा म्हणजे मसालेदार सॉसेजचे तुकडे घालून, आणि मी नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढलं. तिचा विमा मेरिडेल कंपनीचा, तिघांत सगळ्यात स्वस्त. फुटला तर भरून देतात, बाकी काही नाही. बाकीचं हवं कुणाला, ती म्हणाली, मी काय फोन घेऊन पोहायला जाते? झुल्मिरा महागडी योजना घे म्हणून तिच्या किती मागे लागली होती तेही तिनं तिच्यासमोरच ऐकवलं. तिचा फोन क्रोशाच्या पिशवीत होता, नीट ठेवलेला. पुस्तिका तिनं लगेच काढून दिली.

दुपारी मी धक्क्यावर गेले. जील शिंपले पकडायच्या बोटीवर काम करतो. डेकवर बसून लोखंडी जाळीच्या कड्या जोडत होता. त्याचा विमा ईस्टवेव्हचा, सगळ्यात महाग. फुटला, भिजला, चोरीला गेला, हरवला, सगळं त्यात. त्यानं खिशातून फोन काढून दाखवला. करकरीत नवा होता.

"हा मागच्या महिन्यातला," तो हसत म्हणाला. "आधीचा बुडाला ना."

"कुठं?"

त्यानं बोटीखालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

मी जरा वेळ त्या पाण्याकडे बघत उभी राहिले. मग पुस्तिका घेतली आणि निघाले.

दिनीशला गाठायला बुधवार उजाडला. जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता. विमा ट्रायलाइनचा. फुटला, चोरीला गेला, हरवला तर भरपाई, भिजला तर काही नाही. फोन बघू दे म्हटल्यावर म्हणाला, लॉकरमध्ये आहे, आईच्या अपघातानंतर आत न्यायला बंदी केलीय. त्याला माझं सोंग एका मिनिटात कळलं होतं.

"मावशी, तुम्ही आईसाठी फिरताय ना? मग तिला सांगा, सोड म्हणावं."

का सोडायची ते मी विचारलं. सुनावणीत कारखान्याचे वकील तिला सगळ्यांदेखत खोटी ठरवणार, एकोणीस वर्षं जिथं राबली तिथले लोक तिच्याविरुद्ध बोलणार, आणि ते त्याला बसून ऐकावं लागणार, असं तो म्हणाला. पुस्तिका कुठंतरी घरात असेल, आईकडे मागा.

एवढ्यात आविला फाटकातून बाहेर आला. त्यानं दिनीशच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

४

दिनीशची पुस्तिका झुल्मिराकडून घेतली आणि मी घरी येऊन तिन्ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचल्या. बारीक अक्षरातलं वाचायची मला सवय आहे. मेरिडेलच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर तळाशी एक कलम होतं. ते वाचून मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. मग झुल्मिराला सांगितलं, पाच वाजता सगळ्यांना तुझ्या स्वयंपाकघरात बोलाव.

पाच वाजता चौघं टेबलाभोवती बसले होते. दिनीश कामावरून थेट आला होता आणि खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी मध्यभागी कागद ठेवला. तीन नावं, चार रकाने.

"ज्यानं हा फोन बदलला त्याला झुल्मिराची केस बुडवायची नव्हती," मी सुरुवात केली. "केस बुडवणारा फोन घेऊन जातो. त्याच्या जागी त्याच थप्पीतला दुसरा ठेवून, मध्यभागी ठोका मारून काच फोडत बसत नाही. इथं एकाला स्वतःचा भिजलेला फोन खपवायचा होता आणि त्या बदल्यात फुटलेला फोन हवा होता. फुटलेलाच का? ते या कागदावर आहे."

मी जीलच्या नावावर बोट ठेवलं. त्याचा फोन भिजला होता हे त्यानं स्वतः सांगितलं. पण त्याचा विमा भिजलेला फोनही भरून देतो, त्याला मावशीच्या फोनची गरज नव्हती. शिवाय समुद्राच्या पाण्यानं आत मिठाचा थर बसतो. तज्ज्ञाला मीठ दिसलं नव्हतं, तेल दिसलं होतं.

मग दिनीश. त्याचा विमा भिजलेल्या फोनला काही देत नाही. पण हरवलेल्याला देतो. त्याचा भिजला असता तर त्यानं तो गटारात टाकून हरवला म्हणून कळवलं असतं. घरात चोरी करायची गरज त्यालाही नव्हती.

झुल्मिरानं डोळे मिटून घेतले. तिचा धड हात टेबलावरून सरकत मुलाच्या मनगटावर गेला आणि तिथंच राहिला. दिनीशला काय चाललंय ते कळलं नाही. मग कळलं. त्यानं हात काढून घेतला नाही.

"राहिला एकच विमा," मी म्हटलं. "जो फुटलेल्याशिवाय कशालाच काही देत नाही. आणि त्या कंपनीचं अकरावं पान सांगतं की विमा फोनचा नाही, नंबरचा आहे. तुमचं सिम सलग तीन दिवस ज्या फोनात चालू असेल, तो फोन विम्याचा धरला जातो. आता पडदा मेलेल्या फोनात सिम घातलं तर काय होईल? घंटी वाजेल. पण उचलता येणार नाही."

झुल्मिरानं हळूहळू मान वळवली.

"तीन दिवस," ती म्हणाली. "मी छत ठोकत होते."

नतालिया एप्रनचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

"सूपच्या पातेल्यात पडला," ती म्हणाली. "मे महिन्यात तू इस्पितळात होतीस तेव्हा. मी टॉवेल ठेवायला आले तर तुझा तिथं पडलेला. मला वाटलं भंगार आहे. तू साधा फोन घेतला होतास."

"मला सांगायचं होतंस. दिला असता मी."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हटलं होतं महागडी योजना घे." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "जन्मभर तू बरोबर, मी चूक. एकदा तरी आपलं आपण निस्तरावं म्हटलं."

आत काय आहे ते तिला सोमवारी संध्याकाळी कळलं होतं, तज्ज्ञाकडून परत आलेली झुल्मिरा याच टेबलाशी रडली तेव्हा. त्यानंतर तिला तोंड उघडायचा धीर झाला नव्हता.

"माझा फोन कुठाय?" झुल्मिरानं विचारलं.

नवा फोन आल्यावर जुना परत पाठवावा लागतो. नतालियानं तो शनिवारी टपालात टाकला होता.

५

परत आलेले फोन पेनसिल्व्हेनियातल्या एका गोदामात जातात. ही गोष्ट मला पुस्तिकेतून कळली नाही, ती मला बावीस वर्षं माहीत होती. तिथं फोन दोन दिवस पिंजऱ्यात पडून राहतात, मग तपासणीच्या टेबलावर येतात आणि त्यांच्या आतलं सगळं पुसलं जातं. टपालाच्या पावतीवरचा क्रमांक टाकून पाहिला, तर पाकीट मंगळवारी दुपारी पोचलं होतं. आता बुधवारचे साडेपाच झाले होते.

एक वाट होती. तपासणी होईपर्यंत दावा मागे घेता येतो, नवा फोन परत करून. पण तो ज्याचा त्यानंच मागे घ्यायचा, आणि कारण सांगायचं. ते बोलणं कंपनी ध्वनिमुद्रित करून ठेवते. नतालियाला मी काही लपवलं नाही. विमा रद्द होईल, कदाचित फसवणुकीचा खटलाही होईल. वकील घेऊन, दोन दिवस विचार करून बोलणं तिच्या हिताचं होतं. ते दोन दिवस झुल्मिराकडे नव्हते.

दिनीश म्हणाला, नतालियामावशीला यात अडकवू नका, दुसरं काही बघू. झुल्मिरानं बहिणीकडे काही मागितलं नाही, आणि नको असंही म्हणाली नाही.

नतालियानं क्रोशाच्या पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला. तेवीस मिनिटं वाट बघायला लावली त्यांनी. एवढा वेळ ती उभीच होती. मग पलीकडून कुणी बोललं, आणि तिनं आपलं पूर्ण नाव, नंबर, जन्मतारीख सांगितली.

"मी जो फोन पाठवलाय तो माझा नाही," ती म्हणाली. "तो माझ्या बहिणीचा आहे. मी तिला न विचारता घेतला. त्याला हात लावू नका."

पलीकडच्यानं पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं, तेच शब्द, तेवढ्याच आवाजात.

इव्होन लोंबानं तासाभरात गोदामाला पुरावा जपून ठेवायचं पत्र पाठवलं. पण पत्र कोण कधी वाचेल याचा मला भरवसा नव्हता. गुरुवारी सकाळी सहाला आम्ही जीलच्या गाडीतून निघालो. तो चालवत होता, शेजारी मी, मागे दोघी बहिणी. सहा तासांत त्या एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

गोदामातल्या खिडकीवरच्या माणसानं पत्र पाहिलं नव्हतं. त्यानं क्रमांक घातला आणि सांगितलं की हा पिंजऱ्यातून सकाळीच टेबलावर गेलाय. मी त्याला तपासणी विभागाच्या प्रमुखाला बोलवायला सांगितलं. तो म्हणाला, ते जेवायला गेलेत. मी म्हटलं, जेवणाच्या वेळात टेबलं बंद असतात, म्हणजे तो फोन या क्षणी ट्रेमध्ये पडलाय आणि त्याला कुणी हात लावलेला नाही, आता जा आणि तो ट्रे उचलून आण. कदाचित माझ्या आवाजात जुनी कचेरी असेल. तो गेला.

वीस मिनिटांनी तो पारदर्शक पिशवी घेऊन आला. आतल्या फोनचा वरचा डावा कोपरा उडालेला होता. झुल्मिरानं पिशवी उजेडात धरली, क्रमांक मला वाचायला लावला आणि शेवटचे दोन आकडे स्वतः मोठ्यानं म्हणाली. एकेचाळीस.

नतालियानं नवा फोन खिडकीतून आत सरकवला आणि पावतीवर सही केली.

तज्ज्ञानं शुक्रवारी सकाळी आठला काम सुरू केलं. दहाला त्यानं मान डोलावली, चित्रीकरण निघालं होतं. फॉल रिव्हरच्या सुनावणीत कारखान्याचे वकील आधी बोलले, सभ्य शब्दांत, की बाई घाईत होत्या, झाकण त्यांनीच काढलं. दिनीश भिंतीला टेकून ते ऐकत होता, पण उठून गेला नाही. मग इव्होननं पडद्यावर चित्रीकरण लावलं. चाळीस सेकंदांचं होतं. उघडं पातं फिरत होतं. त्यावरून झुल्मिराचा आवाज आला, झाकण कधी बसवणार आहात? आणि आविलाचा आवाज, अगदी स्पष्ट: हंगाम संपला की बसवू, तू हात चालव.

आविला दुसऱ्या रांगेत बसला होता. न्यायाधीशबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा लागेपर्यंत तो उठून गेला होता.

निकाल तीन आठवड्यांनी आला आणि पूर्ण झुल्मिराच्या बाजूनं आला. कारखान्याला सगळ्या यंत्रांवर झाकणं बसवायचा हुकूमही झाला. मेरिडेलनं नतालियाचा विमा रद्द केला, एक खडसावणारं पत्र पाठवलं, आणि खटला मात्र भरला नाही. स्वतःहून कळवलं, वस्तू परत केली, म्हणून सोडतोय, असं पत्रात होतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी आम्ही न्यायालयाच्या पायऱ्या उतरत होतो. नतालिया सगळ्यांच्या मागे होती. खाली आल्यावर ती मोठ्या बहिणीजवळ गेली आणि मान खाली घालून विचारलं, "ताई, माफ केलंस का?"

झुल्मिरानं थोडा विचार केला.

"अजून नाही," ती म्हणाली. मग खांद्यावरची जड पिशवी उतरवून तिच्या हातात दिली. "पण ही धर. मला एका हातानं झेपत नाही."